पाटे बसले की शॉकअप मेले? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पाऊस उघडला की मारुती जिप्सी आणि जुन्या जीपवाल्यांची पत्रं वाढतात. जांबोटी-कणकुंबीकडच्या रस्त्यांनी चार महिने गाडीला धुऊन काढलेलं असतं, आणि रस्ते जरा वाळले की ऊस भरलेल्या ट्रॉल्या चाकोऱ्या पाडायला लागतात. या खेपेला बहुतेक प्रश्न पुढच्या शॉकअपचे आहेत, म्हणून एकत्रच घेतले. खालची उत्तरं पुढेही पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या कमानी) आणि सलग अॅक्सल असलेल्या गाड्यांसाठी आहेत. ज्या गाडीत कॉइल स्प्रिंग शॉकअपभोवतीच बसवलेली असते, तिचा वरचा नट घरी खोलू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.

जिप्सीचं नाक बसलंय, डाव्या बाजूला जास्तच. मिस्त्री म्हणतो पुढचे दोन्ही शॉकअप टाका, गाडी उठेल. टाकू का? (खानापूर)

उठणार नाही. गाडीचं वजन पाटे पेलतात. शॉकअप फक्त पाट्यांचं वरखाली होणं आवरतं. साधं तेलाचं शॉकअप काढून ठेवलं तरी उभ्या गाडीची उंची बदलत नाही. गॅसचं (तेलासोबत दाबाखालचा वायू भरलेलं) असेल तर फरक पडतो, पण तो नजरेत भरण्याइतका नसतो.

गाडी सपाट फरशीवर लावा, चारही टायरमध्ये हवा सारखी करा, टाकी आणि सामान नेहमीइतकंच ठेवा. मग दोन्ही बाजूंना अॅक्सलच्या नळीपासून चासीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. डावी बाजू दीड-दोन सेंटीमीटर खाली असेल तर डाव्या पाट्यांकडे बघा: मुख्य पाट्याला डोळ्याजवळ (टोकाच्या कडीजवळ) चीर गेली आहे का, मधला बोल्ट तुटून पाटे सरकलेत का, शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचे) बुश खाऊन गेलेत का. पाटा तुटलेला नसेल, नुसता सपाट झाला असेल, तर कमानीचं काम करणाऱ्याकडून त्याला बाक देऊन घेता येतो. तो किती टिकेल हे पाट्याच्या वयावर आहे. शॉकअपचे पैसे सध्या खिशातच राहू द्या.

शॉकअप गेलं हे ओळखायचं कसं? बॉनेटवर जोर देऊन सोडलं तर गाडी एकदाच हलून थांबते, म्हणजे ठीक ना? (टिळकवाडी, बेळगाव)

ही परीक्षा मोटारीसाठी बरी, जीपसाठी फसवी. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणानेच गाडी थांबते. शॉकअप पूर्ण मेलेलं असलं तरी जिप्सी या परीक्षेत पास होते.

त्यापेक्षा हे करा. दहा-पंधरा किलोमीटर खराब रस्त्यावर गाडी चालवून आणा, उतरल्याबरोबर चारही शॉकअपच्या नळीला हात लावून बघा. शॉकअप पाट्यांच्या हालचालीची उष्णता करतं, म्हणून काम करणारं शॉकअप कोमट ते गरम लागतं. एक गरम आणि त्याच्या जोडीचं थंडगार असेल तर थंड असलेलं गेलं. सायलेन्सरचा पाइप ज्या बाजूने जातो तिथे मात्र हाताचा अंदाज चुकतो, आणि चटकाही बसतो.

तेलाचं बघताना एक फरक लक्षात घ्या. दांड्याच्या सीलपाशी हलका ओलसरपणा, त्यावर बारीक धूळ, हे चालतं. तेल ओघळून खालच्या डोळ्यापर्यंत आलं असेल आणि त्यावर लाल मातीचा जाड थर बसला असेल, तर आत तेल उरलेलं नाही. टायरवरून तळवा फिरवा. ठरावीक अंतरावर खळगे लागले तर चाक रस्त्यावर उड्या मारतंय. त्याला शॉकअप कारण असू शकतं, ढिलं बेअरिंगही असू शकतं.

पुढचे दोन्ही शॉकअप घरीच बदलायचे आहेत. हत्यारं कोणती, क्रम काय? (निपाणी)

पहिल्यांदा करणाऱ्याला अर्धा दिवस पुरतो. त्यातला निम्मा वेळ गंजलेल्या नटांत जातो, म्हणून काम आदल्या रात्री सुरू करा. सगळे आटे तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी परत मारा.

सामान घेताना खोका दुकानातच उघडा. जिप्सीच्या पुढच्या शॉकअपला वर पिन (आटे असलेलं टोक) असते आणि खाली डोळा. एका पिनेला रबराच्या दोन गाद्या लागतात, एक पत्र्याच्या वर, एक खाली. शिवाय दोन वाटीवायसर, एक नट आणि एक लॉकनट. म्हणजे जोडीला गाद्या चार, वायसर चार, नट चार. जुन्या गाद्या परत वापरू नका. जुन्या महिंद्र जीपला बहुधा दोन्ही टोकांना डोळाच असतो. तो चासीच्या पिनेवर बसतो आणि बाहेरून वायसर आणि स्प्लिट पिन किंवा नट. स्प्लिट पिना नव्याच घ्या.

पान्यांचं जरा सविस्तर सांगतो, कारण नट गोल होण्याचं मूळ इथेच आहे. जिप्सीला मिलिमीटरचे पाने लागतात. जुन्या जीपवर इंची नट निघतात आणि मधल्या मालकांनी मिलिमीटरचेही घुसडलेले असतात. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मि.मी., तिथे १९ चा पाना चालून जातो. ५/८ म्हणजे १५.८८, तिथे १६ चा कसाबसा. पण ९/१६ म्हणजे १४.२९. त्यावर १४ चा चढत नाही, १५ चा चढतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे खाऊन टाकतो. ९/१६ चा पाना मागून आणा, हट्ट करू नका.

आता काम. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना दोन्हीकडून पाचर, हँडब्रेक ओढलेला. चासी उचलून दोन्ही बाजूंना स्टँड लावा आणि जॅक मोकळा करून अॅक्सलखाली धरा. हा जॅक महत्त्वाचा. नुसती चासी उचलली तर अॅक्सल खाली लोंबतो, शॉकअप पूर्ण ताणलं जातं आणि बोल्टवर ओढ येते. मग बोल्ट हातोड्याने ठोकून काढतात आणि आटे मारतात. अॅक्सल थोडा वर घेतला की बोल्ट बोटांनी सरकतो. चाकं काढलीत तर हात नीट जातो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मात्र डोकं घालू नका.

वरचा नट खोलताना पूर्ण पिनच गरगर फिरते. पिनेच्या टोकाला चपट्या बाजू किंवा खाच असते, तिथे छोटा पाना धरा आणि नट दुसऱ्या पान्याने फिरवा. जुनं शॉकअप टाकायचंच असेल तर त्याला कसंही धरा. नव्याचा चकचकीत दांडा मात्र पकडीत कधीच धरू नका. त्यावर एक ओरखडा पडला तरी तो प्रत्येक फेरीला सील कापतो आणि नवं शॉकअप लवकरच गळायला लागतं. नट हलतच नसेल तर करवतीने कापा. गॅसकटर लावू नका, कारण आत तेल आहे, काही शॉकअपमध्ये दाबाखालचा वायूही आहे, आणि नळी तापली की फुटते.

खालचा डोळा पिनेवर गंजून बसला असेल तर आधी शॉकअपची नळी डोळ्यापासून थोडं अंतर ठेवून कापून बाजूला करा. गॅसचं असेल तर करवतही नको, शॉकअप तसंच लोंबत ठेवा. मग रबर पात्याने कापून काढा आणि उरलेल्या लोखंडी नळकांड्याला छिन्नीने लांबीत चीर द्या. ते उघडतं आणि निघतं. पिनेवर हातोडा मारलात तर पिन वाकते, आणि वाकलेल्या पिनेवर नवा बुश महिनाभरही टिकत नाही. पिनच झिजली असेल, डोळा तिच्यावर डुलत असेल, तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठल्याही लेथवर मापाचं नळकांडं करून मिळतं. पिनेचा व्यास व्हर्नियरने मोजून न्या.

नवं शॉकअप चढवण्याआधी त्यातली हवा काढायची. बहुतेक लोक हे विसरतात. तेलाचं शॉकअप दुकानात आडवं पडलेलं असतं आणि कामाच्या नळीत हवा शिरलेली असते. गाडीत बसतं तसं उभं धरून दांडा पूर्ण ओढा, उलटं करून पूर्ण दाबा, सुलटं करून परत ओढा. पाच-सहा वेळा. सुरुवातीला मध्येच पोकळ झटका लागतो, तो जाऊन हालचाल एकसारखी झाली की लगेच बसवा, परत आडवं ठेवू नका. दुहेरी नळीचं (नळीच्या आत नळी असलेलं) शॉकअप उलटं, म्हणजे तेलाची नळी वर करून, बसवत नाहीत.

पिनेवर खालचं वायसर आणि खालची गादी घालून पिन पत्र्यातून वर घ्या, मग वरची गादी, वायसर, नट. वायसरची वाटी रबराकडे. रबराला ग्रीस किंवा ऑइल लावू नका, फुगून लिबलिबीत होतं. बसत नसेल तर साबणाचं पाणी लावा. बोल्टच्या दांड्याला मात्र ग्रीस हवंच, पुढच्या पावसाळ्यात ते उपयोगी पडतं. पिनेचा नट रबर वायसरच्या कडेपर्यंत फुगेल इतकाच आवळा, मग लॉकनट. रबर कडेबाहेर चेपून निघालं तर जास्त झालं, ते लवकर फाटेल. खालचा बोल्ट आधी नुसता लावून ठेवा. चाकं जमिनीवर आली, गाडी आपल्या उंचीवर बसली, की मग शेवटचा ताण द्या. हवेत लोंबत्या अॅक्सलवर आवळलात तर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं. ताणाचा आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर एकदा परत पाना लावून बघा.

नवं शॉकअप हाताने दाबलं तर दाबलेलंच राहतं, वर येत नाही. डुप्लिकेट दिलं का? (चिकोडी)

तेलाचं असेल तर तसंच राहायला हवं. आपोआप वर येतं ते गॅसचं, आणि ते पट्टीने बांधूनच विकतात. ती पट्टी बसवायच्या वेळीच सोडा. ओढताना जास्त जोर लागतो आणि दाबताना कमी, हाही दोष नाही, शॉकअप असंच बनवलेलं असतं. जोडीतली दोन्ही दाबून बघा. एक लोण्यासारखं आणि दुसरं जड लागलं तर दोन्ही परत करा.

दोन्ही शॉकअप नवे टाकले, तरी साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. शॉकअप बदलून मागू का? (हुक्केरी)

शॉकअपचा यात हात नाही. नव्या शॉकअपने थरथर थोडी झाकली जाते, इतकंच. चाकांचं बॅलन्सिंग आधी करून घ्या, त्यात खर्च सगळ्यात कमी. मग पुढचा भाग स्टँडवर घेऊन चाकाला घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खेळ लागला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, तरीही राहिला तर किंग पिनचं (चाक ज्यावर वळतं त्या पिनेचं) बेअरिंग. जिप्सीत किंग पिनचा ताण पातळ पत्र्याच्या शिमांनी ठेवतात. शिमा काढायच्या आधी नकल (किंग पिनवर वळणारा, चाक धरणारा भाग) फिरायला किती जोर लागतो ते स्प्रिंगकाट्याने मोजणारा मिस्त्री शोधा. तीन आणि नऊच्या जागी खेळ लागला तर टायरॉड एंड (चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा). स्टिअरिंगचा डँपर (स्टिअरिंगचे हिसके आवरणारं छोटं शॉकअप) असेल तर तो शेवटी बघा, बाकीचे दोष तो काही दिवस झाकतो.

बदलल्यापासून खड्ड्यात पुढून टक-टक. (खानापूर)

दहातल्या आठ वेळा वरच्या पिनेचा नट ढिला किंवा वायसर उलटं. एकाने गाडी हलवायची, दुसऱ्याने पिनेवर बोट ठेवायचं, टक बोटाला लागते. तिथे नसेल तर शॅकल.

जिप्सी दोन इंच उचलली आहे. शॉकअप मूळ मापाचे चालतील? (बेळगाव)

माप घेतल्याशिवाय नाही. वरच्या आणि खालच्या जोडामधलं अंतर दोनदा मोजा: गाडी उभी असताना आणि अॅक्सल पूर्ण लोंबत असताना. शिवाय अॅक्सल आणि रबरी स्टॉपरमधली मोकळी जागा. समजा उभं माप ४१० मि.मी., स्टॉपरपर्यंत ७५ आणि लोंबतं माप ४८०. पाटे पूर्ण दबल्यावर अंतर ३३५ उरतं. रबर स्टॉपरही दबतो, म्हणून शॉकअपचं मिटलेलं माप ३१५ च्या आत हवं आणि उघडलेलं ४९० च्या वर. मिटलेलं माप जास्त असेल तर मोठ्या खड्ड्यात शॉकअपच स्टॉपर बनतं आणि वरचा पत्रा फाटतो. उघडलेलं कमी असेल तर सीलच्या जागी दांडा निखळतो. लोंबत्या अवस्थेत ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातोय का, हे त्याच वेळी बघा. तो ताणला जात असेल तर आधी लांब पाइप, मग शॉकअप.

जुनी शॉकअप तेल भरून परत वापरता येतील का? भंगारवाला चांगला भाव देत नाही. (निपाणी)

खोलून दुरुस्त करण्यासाठीच बनवलेली शॉकअप असतात, त्यांना आटे असतात, सील मिळतं. तुमची वेल्डिंगने बंद केलेली असणार. ती कापून, इंजिन ऑइल भरून, परत वेल्ड करून विकणारे आहेत. ते तेल फार जाड असतं, थंडीत शॉकअप काठीसारखं होतं, आणि झिजलेल्या दांड्याने नवं सील पुन्हा खाल्लं जातं. पुढच्या चाकांवर तरी हे नको. भंगारात देताना गॅसची असतील तर तसं सांगा, म्हणजे तिथे कुणी कटर लावणार नाही.