गच्चीवरचा पर्जन्यमापक सांताक्रूझपेक्षा कमी का भरतो?

प्रश्न थोडक्यात असा: कांदिवलीतल्या सात मजली सोसायटीची गच्ची, पश्चिमेच्या कठड्याला पाइप बांधून त्यावर टिपिंग बकेटचे स्वयंचलित स्टेशन (नरसाळ्यातले पाणी दोन कप्प्यांच्या बकेटमध्ये पडते, एक कप्पा भरला की ती पलटते, ती एक टिप), नरसाळे २० सेमी व्यासाचे, एक टिप म्हणजे ०.२ मिमी. दोन पावसाळ्यांची बेरीज हवामान खात्याच्या सांताक्रूझ केंद्रापेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने कमी. यंत्र बिघडले आहे का? आणि अजून तीन-चार वर्षे नोंदी ठेवल्या तर हवामानबदल त्यात दिसेल का?

दुसऱ्याचे उत्तर 'नाही', कारण खाली येईलच. पहिल्याचे उत्तर: यंत्रापेक्षा जागेवर संशय घ्या.

पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिम-नैऋत्येचा. तो इमारतीवर आदळून भिंतीने वर चढतो आणि कठड्यापाशी थेंबांना उचलून नरसाळ्यावरून पुढे नेतो. म्हणजे तुम्ही निवडलेली जागा गच्चीतली सर्वांत वाईट जागा आहे. स्टेशन गच्चीच्या मध्याकडे घ्या. टाकी किंवा लिफ्टची खोली नरसाळ्याच्या कडेपेक्षा जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर ठेवा. टाकी ३ मीटर वर असेल तर ६ मीटर, चौपट जमले तर उत्तम. कड जमिनीपासून ३० सेमीच्या खाली नको, नाहीतर लादीवरून उडालेले पाणी आत जाते. आणि स्पिरिट लेव्हल लावून दोन्ही दिशांनी सपाटी बघा. बकेट बागेतल्या सी-सॉसारखी असते. बैठक कलली की एक बाजू लवकर पडते आणि दुसरी उशिरा.

मग यंत्र तपासा. २० सेमी व्यासाचे क्षेत्रफळ ३१४ चौ. सेमी, म्हणजे १ मिमी पावसाला ३१.४ मिली पाणी आणि एका टिपला सुमारे ६.३ मिली. एक लिटर पाणी सोडले तर १५९ टिप यायला हव्यात. आधी व्यास खरोखर मोजा, कारण प्लास्टिकचे नरसाळे उन्हाने वाकते आणि व्यासात अर्ध्या सेंटीमीटरचा फरक म्हणजे पावसात ५ टक्क्यांचा. पाणी ओतू नका, सलाईनच्या नळीने थेंब-थेंब सोडा. लिटर ७६ मिनिटांत संपला तर तो ताशी २५ मिमीचा पाऊस, १९ मिनिटांत संपला तर १०० मिमीचा. दोन्ही वेगांना टिप मोजा. संथ वेगाला १५९ च्या आसपास आणि जलद वेगाला चार-सहा कमी आल्या तर यंत्र ठीक आहे. बकेट पलटायला साधारण अर्धा सेकंद घेते आणि त्यातला निम्मा वेळ पाणी भरलेल्याच कप्प्यात पडत राहते. ताशी १०० मिमीला दर ७.२ सेकंदांनी टिप, म्हणून तूट ३-४ टक्के. पाऊस जितका जोराचा तितकी तूट मोठी, म्हणजे आपल्याला हवे तिथेच यंत्र कमी सांगते. संथ वेगालाच १५० च्या खाली आल्या तर मात्र बकेटखालचे स्क्रू फिरवून पुन्हा जुळवा.

मुंबईतला खरा शत्रू कबुतर. पिसे आणि विष्ठेने नरसाळ्यातली जाळी बुजली की पाणी नरसाळ्यात साठते आणि पाऊस थांबल्यावर तासभर झिरपत राहते. आलेखात ते लगेच ओळखू येते: मुसळधार सरीत रेषा सपाट, आणि नंतर शेजारच्या सगळ्या केंद्रांवर शून्य असताना तुमच्याकडे ठरावीक अंतराने टिप. कडेभोवती केबल टाय उभे बांधले की कबुतर बसत नाही. जाळी पावसाळ्यात दर आठवड्याला साफ करा, त्यातले शेवाळ आणि कोळ्याचे जाळेही काढा. चुंबकाजवळचा रीड स्विच (टिप मोजणारा छोटा स्विच) खाऱ्या हवेने गंजला तर एकाच टिपला दोनदा बंद होतो. अर्ध्या सेकंदाच्या आतली दुसरी नोंद सरळ खोडायची.

शेजारी एक साधा हाताने वाचायचा पर्जन्यमापक ठेवाच. १६ सेमीचे नरसाळे (२०१ चौ. सेमी) आणि खाली झाकलेला २० लिटरचा पाण्याचा जार, दोरीने बांधून. रोज सकाळी ८.३० ला सामानाच्या काट्यावर वजन करायचे, रिकाम्या जारचे वजा करायचे. २० ग्रॅमला १ मिमी. छोटा डबा का नको? २६ जुलै २००५ चे सांताक्रूझचे ९४४ मिमी म्हणजे या नरसाळ्यातून १९ लिटर. पाच लिटरचा डबा २५० मिमीलाच वाहू लागला असता.

साडेआठची वेळ महत्त्वाची. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते ८.३०, तुमचे ॲप मध्यरात्री शून्यावर येते. ते ९४४ मिमी २७ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतचे आहेत. वेळ न जुळवता रोजची तुलना केली तर बरेच फरक निव्वळ घड्याळाचे निघतात.

एवढे करूनही फरक उरेल, आणि तो खराही असू शकतो. त्याच २६ जुलैला कुलाब्याला जेमतेम ७३ मिमी पडले होते. २६ मे २०२५ ला पाऊस वेळेच्या दोन आठवडे आधी आला तेव्हा उलटे झाले, झोडपली ती दक्षिण मुंबई. म्हणून तुलना सांताक्रूझशी करू नका, महापालिकेच्या जवळच्या स्वयंचलित केंद्राशी करा. तीही बरीचशी छपरांवरच आहेत, त्यामुळे ब्रह्मवाक्य समजू नका.

आता हवामानबदल. हवा १ अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, हे भौतिकशास्त्र पक्के आहे. पण नोंदींत तो कल शोधणे अवघड. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मध्य भारतात १९५१ ते २००० दरम्यान मुसळधार पावसाच्या घटना वाढल्याचे दाखवले, तेव्हा मध्यम पाऊस कमी झाल्याने सरासरी जवळपास तिथेच होती. त्यांनी वापरलेल्या आकडेवारीमागे देशभरातली १,८०३ केंद्रे होती. एका केंद्रावर वर्षावर्षाचा चढउतार इतका मोठा असतो की कल त्यात बुडतो, म्हणून मोठ्या प्रदेशाचे आकडे एकत्र घ्यावे लागले. त्याच संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने २०१७ मध्ये १९५० ते २०१५ या काळात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे मांडले आणि बाष्पाचा धागा अरबी समुद्राशी जोडला. मुंबईच्या एका गच्चीवरून यात भर पडणार नाही. एखाद्या जोरदार वर्षानंतर सोसायटीच्या ग्रुपवर 'क्लायमेट चेंजचा पुरावा' म्हणून आलेख टाकू नका, एवढीच विनंती.

तुमच्या आकड्यांचा खरा उपयोग दुसरा आहे. शहराची जुनी गटारे ताशी २५ मिमीच्या हिशेबाने बांधलेली, ब्रिमस्टोवॅड या महापालिकेच्या गटार-सुधारणा प्रकल्पात ती ५० पर्यंत नेण्याचे काम. तुमच्या पार्किंगमध्ये पाणी शिरते ते दिवसाच्या बेरजेने नाही, पाऊण-एक तासाच्या जोराने. म्हणून दर १५ मिनिटांची नोंद साठवा, शेजारी भरतीची वेळ आणि उंची लिहा, आणि पाणी कुठल्या पायरीपर्यंत आले ते. १५ मिनिटांत १२.५ मिमी म्हणजे ताशी ५० चा वेग. तो किती वेळ टिकला आणि तेव्हा भरती ४.५ मीटरच्या वर होती का, हे दोन पावसाळे लिहिलेत तर पंप कधी लावायचा ते कळेल. वॉर्ड ऑफिसात तक्रार नेताना हाच कागद न्या, वार्षिक बेरीज नको.

स्टेशन आता हलवाल तेव्हा जुन्या जागीही दुसरा जार ठेवून एक पूर्ण पावसाळा दोन्हीकडे वाचन घ्या. ट्राम विजेवर जाणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला नेली, तेव्हा दोन वर्षे दोन्हीकडे नोंदी घेतल्या होत्या, त्यामुळेच ती मालिका आजही सलग वापरता येते. तुमच्या दोन जुन्या पावसाळ्यांचे आकडे वाचवायचा हाच एक मार्ग आहे.