खिशातलं कोटेशन

"मॅडम, सोलर बसवावं तर पाप, न बसवावं तर पाप. माणसानं करायचं काय?"

माझ्याकडे समुपदेशनाला आलेले, रंकाळ्याजवळ राहणारे एक निवृत्त शिक्षक. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) बसता बसता त्यांनी खिशातून कोटेशन काढलं. तीन किलोवॅट, सबसिडी ७८,००० रुपये. घड्या पडून पडून कागद मधोमध फाटलेला. चार महिने सर तो घेऊन फिरत होते.

पुण्यात शिकणारी नात म्हणाली होती, "आबा, पॅनलचं सिलिकॉन चीनच्या शिनजियांगमधनं येतं. तिथं उइगुर मुसलमानांना सक्तीनं राबवतात." पोरगी उगाच बोलत नव्हती. जगातलं बहुतेक पॉलिसिलिकॉन, म्हणजे पॅनलसाठीचं शुद्ध सिलिकॉन, चीनमध्ये बनतं. चीन आरोप नाकारतो, पण सक्तीची मजुरी नाही हे सिद्ध केल्याशिवाय शिनजियांगचा माल अमेरिका २०२२ पासून आत घेत नाही. सरांची झोप उडाली. बाईसाहेब वैतागल्या त्या वेगळ्याच.

"एवढा विचार करू नका" हे वाक्य मी वापरत नाही. त्यानं विचार थांबत नाही, माणूस तेवढा बोलायचा थांबतो. मी विचारलं, "रात्री डोळे मिटल्यावर कोण दिसतं?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आजी."

आजीचं गाव पाटणकडचं, कोयनेच्या धरणात गेलेलं. कोल्हापुरात आल्यावर दिवेलागणीला कुणी बल्ब लावला की म्हातारी म्हणायची, "जळतंया बघ आमचं गाव."

म्हणजे प्रश्न नातीनं घातलेला नव्हताच. तो सरांच्या घरात आधीपासून होता.

मग मी लाईट बिलावर आले. या चार महिन्यांत मीटर काही थांबला नव्हता. महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळशावरची. सर एका पारड्यात माणसं ठेवत होते आणि दुसऱ्यात झाडं, हवा. मी म्हटलं, "चंद्रपूरच्या धुरात कोण राहतं, सर?" ते चपापले. (मी स्वतः इलेक्ट्रिक स्कूटर चालवते. बॅटरीत कोबाल्ट आहे का, खाणीतून तो कुणी उपसला, हे मी घेताना विचारलं नव्हतं. तेही त्यांना सांगून टाकलं.)

मी एकच काम दिलं: विक्रेत्याला विचारा, सेल कुठला, आणि सेल ज्या सिलिकॉनच्या पातळ चकतीपासून बनतो ती वेफर कुठली. सबसिडीसाठी पॅनल आणि सेल दोन्ही भारतात बनलेले लागतात, पण त्यामागची वेफर बहुधा बाहेरूनच येते. विक्रेता म्हणाला, "सर, आजवर असं कुणी विचारलं नाही." कंपनीनं सेलचा कागद पाठवला, वेफरवर मौन.

सरांनी दोनच किलोवॅट बसवलं. पूर्ण समाधान नाही, झोप मात्र लागते. दर एक तारखेला कंपनीला मेल जातो. गेल्या खेपेला खिशातून पाचव्या मेलची प्रिंट काढून माझ्यापुढं ठेवली.

"भाषा जरा कडक झालीय का, बघा."