पेट्रोल गाडीचं मायलेज दोन महिन्यांत १८ वरून १३ वर आलं. ई२० मुळे असेल का? कुठून तपासायला सुरुवात करू?

एकट्या ई२० मुळे (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) एवढी घट होत नाही. आधी टायरमधली हवा, मग ब्रेक आणि मग थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान राखणारा कूलंटचा व्हॉल्व्ह) तपासा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे ई१० वरून ई२० वर आल्यावर हिशेबाने तीन-चार टक्के फरक पडतो. तुमची घट २८ टक्के आहे.

- हवा: टायर थंड असताना भरा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला आकडाच धरा.
- ब्रेक: ब्रेक फारसा न लावता दहा-पंधरा किलोमीटर चालवून चाकांजवळ हात न्या (रिमला हात लावू नका, भाजेल). एकच चाक जास्त तापलं असेल तर कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) अडकतोय.
- थर्मोस्टॅट: तो उघडा अडकला की इंजिन पुरतं गरम होत नाही आणि ईसीयू (इंजिनाचा कंट्रोल कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडत राहतो. तापमानाचा काटा वीस मिनिटांनीही खालीच असेल तर संशय इथेच घ्या.

यातून काही निघालं नाही तर मेकॅनिकला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावून लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल सतत किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा, बघायला सांगा. आकडा उणे दहाच्या खाली असेल तर ऑक्सिजन सेन्सर किंवा गळका इंजेक्टर. एअर फिल्टर मात्र उगाच बदनाम आहे. इंजेक्शनच्या गाडीत तो तुंबला की पिकअप पडतो, मायलेजवर फारसा परिणाम होत नाही.

फक्त १३ हा आकडा डॅशबोर्डवरचा असेल तर आधी टाकी फुल टू फुल करून मोजा. शिवाय याच काळात रोजचा प्रवास दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांचा झाला असेल, तर गाडीत काहीही बिघाड नसेल.