सिस्को २८११ राउटरची रॅम घरच्या घरी वाढवता येते का?

येते. यात रॅमचे दोन स्लॉट आहेत आणि कमाल मर्यादा ७६८ एमबी. मात्र डेस्कटॉपची जुनी स्टिक चालेल या भरवशावर राहू नका. मॉडेलला चालणारी ईसीसीवालीच (मेमरीतल्या चुका स्वतः दुरुस्त करणारी) घ्या.

आधी राउटरला 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' ही कमांड द्या, नाहीतर सेव्ह न केलेले बदल वीज जाताच उडतील. मग राउटरचा पॉवर स्विच बंद करून पॉवर केबल काढाच. अँटिस्टॅटिक पट्टा मनगटाला, दुसरं टोक चासीच्या (राउटरच्या सांगाड्याच्या) उघड्या धातूला. स्टिक कडेला धरा, खाच जुळवा, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या आपोआप वर येईपर्यंत दाबा. जोर लावावा लागतोय? खाच चुकलीय.

चालू केल्यावर 'शो व्हर्जन' कमांडमध्ये रॅमचा आकडा पाहा. घरगुती वायफाय राउटरची रॅम बहुधा बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिच्या नादी लागू नका.