शेजारचा मुलगा मिशनवर गेलाय

प्रश्न: ताई, माझी मुलगी सॉल्ट लेक सिटीत एम.एस. करते आणि एका मॉर्मन कुटुंबाकडे खोली घेऊन राहते. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा दोन वर्षांसाठी जपानला ‘मिशन’वर गेलाय. दर रविवारी संध्याकाळी सगळं घर फोनपुढे बसतं, हिलाही बोलावतात. तो नोकरी करत नाही, शिकत नाही, मग आठवडाभर करतो काय? त्याला पैसे कोण देतं? आणि खरं सांगायचं तर, उद्या हे लोक माझ्या मुलीलाही त्यांच्यात ओढतील का, अशी धास्ती वाटते.
— एक आई, नाशिक

उत्तर: शेवटी विचारलेला प्रश्नच तुमच्या मनात पहिला आहे, कळलं मला. तरी आधी आठवडा सांगते.

माझी नोकरीची जवळजवळ सगळी वर्षं सॉल्ट लेकच्या याच खोऱ्यात गेली. मॉर्मन हा अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ, आणि मिशन म्हणजे त्यांच्या धर्माचा प्रचार करायला घर सोडून जाणं. आमच्या गल्लीतून दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी मिशनवर जातंच. कुठे जायचं हे त्या पोरांच्या हातात नसतं. अर्ज भरायचा, जागा चर्च ठरवतं. एकाला ब्राझील मिळतं आणि दुसऱ्याला शेजारचं आयडाहो. आयडाहोवाल्याचा चेहरा तेवढा बघण्यासारखा असतो! मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. 2012 मध्ये वयाची अट मुलांसाठी 19 वरून 18 आणि मुलींसाठी 21 वरून 19 अशी खाली आली, तेव्हापासून मुलीही भराभर जायला लागल्या. पगार नाहीच, उलट पैसे घरचे भरायचे. अमेरिकेतल्या मुलाला 2020 पासून महिना 500 डॉलर, मग तो टोकियोत असो की पेरूत. माझ्या शेजारणीच्या धाकट्याने शाळेत असताना लोकांची हिरवळ कापून आणि किराणा दुकानात पिशव्या भरून त्यातले बरेच पैसे स्वतः साठवले होते.

हा धाकटा सध्या होक्काइडोत, म्हणजे जपानच्या उत्तरेकडच्या बेटावर आहे. त्याची पत्रं शेजारीण मलाही पाठवते, त्यामुळे हा आठवडा मला त्याच्याच शब्दांत माहीत आहे.

सोमवार हा तयारीचा दिवस. कपडे धुणं, बाजारहाट, केस कापणं, खोली झाडणं आणि घरी फोन. जपानची सोमवार सकाळ म्हणजे इथली रविवार संध्याकाळ, म्हणून तुमची मुलगी राहते ते घर रविवारी फोनपुढे बसतं. 2019 पर्यंत ही चैन नव्हती. आठवड्याला ईमेल, आणि घरच्यांचा आवाज ऐकायचा तो फक्त नाताळला आणि मातृदिनाला. शेजारणीच्या थोरल्याच्या वेळी ती मातृदिनाला फोन उशाशी घेऊन बसायची, मी तेव्हा तिच्याकडे जातच नसे. सोमवारीही संध्याकाळी सहाला सुट्टी संपते. टाय लावायचा आणि बाहेर पडायचं.

बाकीचे दिवस साडेसहाला उठायचं, व्यायाम, मग धर्मग्रंथ, मग जपानी भाषेचा अभ्यास. दहाच्या सुमारास घर सोडायचं, रात्री नवाच्या आसपास परतायचं, साडेदहाला दिवा बंद. मधल्या वेळात एखाद्या दिवशी आसपासच्या मिशनरींची बैठक, एका संध्याकाळी गावकऱ्यांसाठी फुकट इंग्रजीचा वर्ग, चर्चला येणं सोडलेल्या जुन्या सभासदांच्या भेटी. आणि कुणी ऐकायला तयार झालंच तर त्याला शिकवणं. ते फार घडत नाही. उरलेला वेळ दारं. जपानी घराचं दार उघडतच नाही, बाहेरच्या स्पीकरमधून अतिशय सभ्य आवाजात नकार येतो. हिवाळ्यात सायकली बंद, बर्फावरून पाय रोवत चालायचं. एका पत्रात त्याने लिहिलं होतं की दिवसभरात एकाच आजोबांनी दार उघडलं, तेही दारापुढचा बर्फ काढून द्याल का हे विचारायला. दोघांनी फावडी घेतली आणि अंधार पडेपर्यंत उपसला. धर्माचा विषय निघालाच नाही. त्या आठवड्यातला सगळ्यात छान दिवस तोच, असं खाली लिहिलं होतं.

रविवारी चर्च. माणसं थोडी, सगळं जपानीत, आणि कुणी भाषण करायला आलं नाही की उठून उभं राहायचं ते यानेच.

मला विचाराल तर यातली अवघड गोष्ट थंडी नाही, नकारही नाही. अवघड आहे तो जोडीदार. मिशनरी कायम जोडीने असतो. न्हाणीघर सोडलं तर दुसरा नजरेच्या किंवा हाकेच्या टप्प्यात हवाच. जोडीदार निवडता येत नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी येते आणि तीत सुटका होईलच असंही नाही. आपण दोन खोल्यांत सहा जण वाढलो, आपल्याला त्याचं काय मोठंसं! पण इथल्या मुलाला जन्मापासून स्वतःची खोली असते. धाकट्याचा एक जोडीदार ओसाकाचा होता, सकाळी सकाळी नत्तो खायचा, म्हणजे आंबवलेलं, तार सुटणारं सोयाबीन. पहिली तीन पत्रं त्या वासावरच होती. चौथ्यापासून हाही खायला लागला.

या काळात मैत्रीण नाही, टीव्ही-सिनेमा नाही, पोहायचंही नाही. सगळ्यांना हे झेपत नाही. काही जण काही महिन्यांतच परत येतात, कुणी आजारी पडून, कुणी मनाने खचून. आमच्या गल्लीत एक आला होता. लोक तोंडाने गोड बोलले, पण पुढे वर्षभर त्याच्या आईला कुणी धड विचारेना. तुमच्या मुलीच्या घरी असं कधी झालं, तर तिला सांगा, ‘लवकर आलास?’ म्हणू नकोस, ‘जेवलास का?’ विचार.

आता तिची गोष्ट. चर्चला ये म्हणून बोलावतील, नक्की. टेबलावर त्यांचं धर्मपुस्तकही ठेवतील. त्यात लपवाछपवी नसते, त्यांच्या लेखी तो पाहुणचारच. आपण भिडेखातर ‘बघू’ म्हणतो आणि तिथे पंचाईत होते, कारण समोरचा आशेवर राहतो. “मला धर्मात रस नाही, पण रविवारी जेवायला येईन,” असं पहिल्याच वेळी हसून सांगितलं की बहुतेक घरांत विषय मिटतो. नाहीच मिटला तर तिने खोली बदलावी, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. फोनवर त्या मुलाला हात करायला मात्र काहीच हरकत नाही.

प्रश्न: आमच्या मिरजेत मिशनरी म्हटलं की डॉ. वानलेस डोळ्यांपुढे येतात. उभं आयुष्य इथे घातलं. ही अठरा-एकोणीस वर्षांची पोरं दोन वर्षांत कुणाला काय देणार?
— निवृत्त शिक्षक, मिरज

उत्तर: सर, तुलना रास्त आहे, पण काम वेगळं आहे. वानलेस 1889 मध्ये भारतात आले ते डॉक्टर म्हणून, 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभं राहिलं. ही पोरं ना डॉक्टर, ना शिक्षक. चर्चची मदतकार्यं वेगळ्या खात्यातून चालतात, दारोदार फिरणाऱ्या मुलांकडे ते काम नसतं. धर्मांतरं म्हणाल तर जपानमध्ये सगळे पंथ धरून ख्रिस्ती माणसं शंभरात एखादंच. या चर्चचे हीबर ग्रँट 1901 मध्ये तिथे मिशन सुरू करायला गेले आणि 1924 मध्ये, चर्चचे अध्यक्ष झाल्यावर, फारसं यश नाही म्हणून त्यांनीच ते बंद केलं. पुन्हा सुरू व्हायला 1948 उजाडलं. माझं मत विचाराल तर या दोन वर्षांत हमखास धर्मात येणारा माणूस एकच, तो मिशनरी स्वतः. परत आलेली मुलं बहुधा चर्चमध्ये टिकतात, आणि हे चर्चलाही चांगलं ठाऊक असावं. वरकड लाभ म्हणजे भाषा. किराणा दुकानात अस्खलित तागालोग (फिलिपिन्सची भाषा) किंवा पोर्तुगीज बोलणारा गोरा पोरगा इथे कुणाला नवलाचा वाटत नाही.

प्रश्न: मी टोकियोत निशी-कासाईला राहतो. स्टेशनबाहेर पांढरा शर्ट, काळी नावपट्टी लावलेली दोन मुलं भेटली. फुकट इंग्रजीच्या वर्गाला बोलावतात. माझ्या जपानी सहकाऱ्याला जायचंय. फसवणूक नाही ना?
— पिंपरीचा इंजिनियर

उत्तर: नाही. वर्ग खरोखर फुकट असतो. शेवटी थोडा वेळ देवाधर्माचं बोलतात, तेव्हा उठून निघालं तरी कुणी अडवत नाही. सहकाऱ्याला सांगा, फोन नंबर दिला तर फोन येणार, तेवढं धरून चालावं. आणि त्या दोघांना कधी घरी बोलावलंत तर चहा-कॉफी पुढे करू नका. त्यांना दोन्ही वर्ज्य, जपानी हिरवा चहासुद्धा. तिथे ‘मुगिचा’ नावाचं बार्लीचं थंड पेय मिळतं, ते चालतं. सोबत आपले पोहे ठेवा, पण मिरच्या जरा बेताने.