कोचीचा मुक्काम: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

केरळच्या सहलीबद्दल आलेल्या पत्रांपैकी कोचीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांच्या कार्यक्रमात कोचीच्या वाट्याला विमानतळ आणि जेमतेम अर्धा दिवस आला आहे. सहाशे वर्षांहून जुन्या बंदराची अशी बोळवण करू नये, असे आम्हाला मनापासून वाटते. म्हणून उत्तरे थोडी सविस्तर दिली आहेत.

प्रश्न: आम्ही चौघे नाशिकहून निघणार आहोत. टूरवाले एर्नाकुलममधले हॉटेल सुचवतात, तिथून सगळे जवळ पडते म्हणतात. फोर्ट कोचीत राहिलो तर गैरसोय होईल का?

उत्तर: फोर्ट कोचीतच राहा, आणि एक नव्हे, दोन रात्री राहा. एर्नाकुलम हे खाडीच्या अलीकडचे शहर. स्टेशन, हायकोर्ट, कपड्यांची मोठी दुकाने सगळी तिथे. जुने बंदर, म्हणजेच फोर्ट कोची, मात्र पाण्यापलीकडे आहे. रस्त्याने तोप्पुमपडीवरून बारा-तेरा किलोमीटर भरतात आणि संध्याकाळच्या गर्दीत त्याला सहज तास लागतो. रोज सकाळी जायचे आणि अंधार पडला की परतायचे, यात फोर्ट कोचीचे दोन सर्वांत चांगले प्रहर हातचे जातात: पहाटेचा किनारा, आणि बसगाड्या परत गेल्यावर पर्जन्यवृक्षांखाली शांत झालेल्या गल्ल्या.

फोर्ट कोचीत मोठी हॉटेले मोजकीच, घरगुती होमस्टे पुष्कळ. केरळ पर्यटन खाते त्यांना डायमंड, गोल्ड आणि सिल्व्हर अशा श्रेणी देते. खोली घेण्याआधी श्रेणी विचारावी. दोघांच्या साध्या, स्वच्छ खोलीला एरवी साधारण दीड ते तीन हजार रुपये पडतात. नाताळच्या आठवड्यात दर दुपटीवर जातात. प्रिन्सेस स्ट्रीट आणि बर्गर स्ट्रीटवर चहल-पहल असते, रात्री आवाजही असतो. झोप सावध असेल तर परेड मैदानाच्या बाजूला, रिड्सडेल रोडच्या आसपास बघा.

फोनवर चार गोष्टी विचारून घ्या. खोली तळमजल्यावर आहे का? जुन्या घरांतले लाकडी जिने अरुंद आणि उभे असतात. खिडक्यांना जाळी आहे का? कोचीत डास भरपूर आहेत, आणि एसी असला तरी जाळी हवीच. नाश्ता दरात धरला आहे का? आणि गाडी घेऊन जाणार असाल तर ती कुठे लावायची? अनेक गल्ल्यांत एकच मोटार मावते.

नाशिक रोडवरून मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस रोज कल्याण, पनवेल आणि कोकण रेल्वेमार्गे थेट एर्नाकुलम जंक्शनला जाते. तिकडे जंक्शनला ‘साउथ’ आणि टाउन स्टेशनला ‘नॉर्थ’ म्हणतात. रिक्षा ठरवताना हेच शब्द कामी येतात.

प्रश्न: शुक्रवारी सकाळी कोचीला उतरतो आणि रविवारी मुन्नारला निघतो. मट्टनचेरी राजवाडा आणि ज्यूंचे प्रार्थनास्थळ दोन्ही बघायचे आहे. क्रम कसा लावावा?

उत्तर: याच वारांना बहुतेकांची फसगत होते. राजवाडा शुक्रवारी बंद असतो. परदेसी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, शुक्रवारी-शनिवारी आणि ज्यूंच्या सणांना बघता येत नाही. तेव्हा क्रम असा धरा.

शुक्रवारी फक्त फोर्ट कोची, आणि पायी. एक गैरसमज आधीच दूर करतो: इथे सिंधुदुर्गासारखा किल्ला शोधू नका. पोर्तुगीजांनी १५०३ साली बांधलेला इमॅन्युएल कोट डचांनी लहान केला आणि इंग्रजांनी १८०६च्या सुमारास पाडला. किनाऱ्यावर थोडे अवशेष आहेत, बाकी नावच उरले. सेंट फ्रान्सिस चर्च मात्र जरूर बघा. वास्को द गामा १५२४च्या डिसेंबरात कोचीत वारला, त्याला इथेच पुरले होते. पुढे १५३९ साली अवशेष पोर्तुगालला नेले, जागा दगडाने दाखवलेली आहे. वर बघितलेत तर दोरीने ओढायचे जुने पंखे टांगलेले दिसतील, आणि भिंतींत पोर्तुगीज व डच थडग्यांच्या शिळा उभ्या बसवलेल्या आहेत. सांताक्रूझ बॅसिलिका तिथून चालत पाच-सात मिनिटांवर. आजची इमारत १९०५ची आहे.

ऊन उतरल्यावर कथकली. केरळ कथकली सेंटरसारख्या ठिकाणी प्रयोग सहाला सुरू होतो, पण रंगभूषा साधारण पाचपासून समोरच चालते. आमच्या मते तिकिटाचे अर्धे मोल तिथेच वसूल होते. नट चटईवर उताणा पडतो आणि हनुवटीच्या कडेने पांढरी ‘चुट्टी’ उभी केली जाते. पूर्वी ती सगळी तांदळाच्या लेपाची थरावर थर चढवून करत, आता त्यात कागद वापरतात. शेवटी वांग्याच्या कुळातल्या एका झाडाच्या फुलातला बारीक दाणा पापणीखाली ठेवून डोळे लाल करतात. हिरवा चेहरा धीरोदात्त नायकाचा, हे एवढे ठाऊक असले तरी कथा धरता येते. सहाला गेलात तर यातले काहीच दिसत नाही.

शनिवारी पहाटे मासे पकडायची चिनी जाळी. सागवान आणि बांबूचा सांगाडा, एका टोकाला जाळे, दुसऱ्या टोकाला दोरांवर वेगवेगळ्या उंचीवर बांधलेले मोठाले दगड. चार ते सहा माणसे दोर ओढतात. जाळे जसजसे वर येते, तसतसे एकेक दगड खाली टेकत जातात आणि तोल सांभाळला जातो. जाळे पाण्यात राहते चार-पाच मिनिटेच. पाण्याचा जोर असेल तेव्हाच हे काम रंगात येते. दुपारी बहुधा जाळी नुसती टांगलेली दिसतात. दोर ओढायला बोलावतात, जरूर जा, पण पैसे किती ते आधी ठरवा.

मग मट्टनचेरी, रिक्षाने दोन-तीन किलोमीटर. राजवाड्यात राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर पुत्रकामेष्टी यज्ञापासून अयोध्येला परतण्यापर्यंतचे रामायण रंगवले आहे. वास्तू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बांधून कोचीच्या राजाला दिलेली. डचांनी तिची डागडुजी केली म्हणून ‘डच पॅलेस’ हे नाव पडले. आत फोटो काढता येत नाहीत. घाई करू नका, चित्रांना किमान पाऊण तास द्या.

रविवारी सकाळी दहाला सिनेगॉगच्या दारात हजर राहा. १५६८ची ही वास्तू छोटी आहे, अर्धा तास पुरतो. खाली पाय जपून ठेवा: अठराव्या शतकात चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या हाताने रंगवलेल्या आहेत, एकीसारखी दुसरी नाही. पादत्राणे बाहेर काढावी लागतात, आखूड किंवा बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत. अकराला निघालात तर मुन्नारचे सुमारे १३० किलोमीटर उजेडात संपतात. घाटात अंधार करू नये.

प्रश्न: आईचे गुडघे दुखतात. बोटीत चढ-उतार जमेल का?

उत्तर: वॉटर मेट्रोने न्या. ती एप्रिल २०२३मध्ये सुरू झाली आणि हायकोर्ट जेट्टीवरून फोर्ट कोचीला जाते. मट्टनचेरीलाही आता तिचा थांबा आहे. तिचे धक्के तरंगते असल्यामुळे भरती असो की ओहोटी, धक्का आणि बोटीचा तळ एकाच पातळीत राहतात. चाकाची खुर्चीही सरळ आत जाते. राज्य जलवाहतूक खात्याची जुनी फेरी फारच स्वस्त आहे आणि एर्नाकुलम बोट जेट्टीवरून सुटते, पण तिच्यात पाय उंच टाकून चढावे लागते, मधली फट भरतीप्रमाणे कमी-जास्त होते. गुडघेदुखीला ती नको.

वॉटर मेट्रोची एकच अडचण. क्षमतेबाहेर एकही प्रवासी घेत नाहीत, त्यामुळे रविवारी आणि सुट्ट्यांना रांग लांबते. सकाळी नऊच्या आत जा. रात्री उशिरा पाण्याची वाहतूक थांबते, मग रस्त्यानेच परतावे लागते.

प्रश्न: घरात सगळे शाकाहारी आहेत. उपासमार तर होणार नाही ना?

उत्तर: मुळीच नाही. मट्टनचेरीत गुजराती रोड नावाचा रस्ताच आहे. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या गुजराती व्यापाऱ्यांमुळे तिथे शाकाहारी जेवण आणि मिठाई मिळते. एरवी सकाळी अप्पम आणि व्हेजिटेबल स्ट्यू, किंवा पुट्टू आणि कडला करी (काळ्या हरभऱ्याची उसळ) मागा. नुसते ‘स्ट्यू’ म्हणालात तर मटण किंवा चिकनचा येऊ शकतो. दुपारच्या थाळीला ‘मील्स’ म्हणतात. बारा ते दोनमध्ये जेवून घ्या, तीननंतर भाज्या संपलेल्या असतात. भात जाड, तांबूस मट्टा तांदळाचा असतो. सवय नसेल तर ‘व्हाइट राइस’ सांगावे. टेबलावर गुलाबीसर कोमट पाणी येते, ते पदिमुगम नावाचे लाकूड टाकून उकळलेले असते. बिनधास्त प्या. चारच्या चहाबरोबर पळमपोरी, म्हणजे पिकलेल्या नेंद्र केळ्याची भजी, चुकवू नका.

प्रश्न: चिनी जाळ्यांजवळ मासे विकत घेऊन शेजारीच शिजवून देतात म्हणे. घ्यावे का?

उत्तर: घ्यावे, पण डोळे उघडे ठेवून. त्या जाळ्यांतून मोजकीच मासळी निघते, टेबलावरचा बराच माल बंदरावरून आलेला असतो. त्यात वाईट काही नाही, ताजेपणा मात्र आपण तपासायचा: कल्ला उचलून लाल आहे का, डोळा फुगीर व स्वच्छ आहे का, पोट दाबल्यावर खळगा राहत नाही ना. किलोचा भाव, साफ करण्याआधीचे वजन आणि शिजवण्याची मजुरी ही तिन्ही समोर ठरवा. वाद होतो तो मजुरीवरून, कारण ती आधी कुणी विचारत नाही.

नावे पाठ असली की भाव करायला बरे पडते. अयला म्हणजे बांगडा, चाळा किंवा मत्ती म्हणजे तारली, नेयमीन सुरमई, आवोली पापलेट, चेम्मीन कोळंबी, कून्तल माकूल. करीमीन खाडीतला, गोव्याकडचा कालुंदर. तो केळीच्या पानात भाजलेला, ‘पोळ्ळिच्चद’ मागावा. काटे बरेच असतात, लहान मुलांना वेचून द्या. तांबड्या रश्श्यात आंबटपणासाठी धुरावलेली कुडमपुळी असते. कोकमाच्याच जातकुळीतली, पण चव अधिक उग्र. तिखट नको असेल तर नारळाच्या दुधातली मोली घ्या. बिर्याणीची हौस असेल तर मट्टनचेरीतले कायीज हे हॉटेल बाराच्या सुमारास गाठा. उशीर केला तर मटणाची संपलेली असते.

९ जूनच्या मध्यरात्रीपासून ३१ जुलैपर्यंत केरळात ट्रॉलरची मासेमारी बंद असते. त्या काळात भाव चढे आणि निवड कमी.

प्रश्न: कोचीत कोकणी बोलणारे लोक आहेत हे खरे का?

उत्तर: खरे आहे. पोर्तुगीज अमलात गोवा सोडून निघालेली गौड सारस्वत कुटुंबे मट्टनचेरीजवळ चेरलाईत वसली, त्यांचे तिरुमला देवस्वम हे मंदिर तिथेच आहे. पुरुषांनी सदरा काढून आत जाण्याचा रिवाज पाळावा. याच समाजातले रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट या वैद्यांनी डच अधिकारी व्हान ऱ्हीड याला ‘होर्टुस मलबारिकुस’ या वनस्पतीग्रंथासाठी माहिती पुरवली. त्यांनी १६७५ साली दिलेले कोकणी प्रमाणपत्र नागरी लिपीत त्या ग्रंथात छापलेले आहे. चेरलाईतून चालताना ही आठवण सोबत असावी.

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत गेलो तर पाऊस लागेल का?

उत्तर: लागेल. आपल्याकडचा पाऊस सरला तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडाटासह येतो. सकाळ बहुधा कोरडी मिळते, बाहेरचे सगळे एकच्या आत उरका. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. ३१ डिसेंबरला मात्र पप्पांजी नावाचा प्रचंड पुतळा जाळायचा सोहळा असतो. फोर्ट कोचीत पाऊल ठेवायला जागा नसते आणि गाड्या अडवतात. तो बघायचाच असेल तर मुक्काम चालत जाण्याइतका जवळ हवा.

प्रश्न: मसाले कुठून आणि कसे घ्यावेत?

उत्तर: रिक्षावाला ‘फक्त पाच मिनिटे बघा’ म्हणत मोठ्या एम्पोरियमपाशी थांबवतो, तिथून नको. त्याचे कमिशन तुमच्या बिलात असते. मट्टनचेरीच्या बाजार रोडवर जुनी गोदामे आणि घाऊक दुकाने आहेत, किरकोळही देतात. मिरी मूठभर पाण्यात टाकून बघा, पोचट दाणे आणि पपईच्या बिया तरंगतात. वेलदोडा फार भडक हिरवा दिसला तर बोट ओले करून चोळा, रंग सुटला की परत ठेवा. खरी दालचिनी कागदासारख्या पातळ पदरांची गुंडाळी असते आणि बोटांनी चुरडते. जाड, कडक, एकाच सालीची असते ती कॅशिया. जायपत्री अखंड, केशरी-तांबूस घ्या. दळलेले काहीच घेऊ नका, आणि घरी आल्यावर प्लास्टिकच्या पिशव्यांतून काढून काचेच्या बरणीत भरा.