नावावर काही नाही, मग दावा कशाला टाकतील?

भावा, कर्ज थकलंय, पण "माझ्याकडं हायच काय, घेऊन घेऊन काय घेतील" या भरवशावर राहू नकोस. रक्कम लहान आणि वसुलीची आशा नसेल तर बरेच सावकार, फायनान्सवाले वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसतात, हे खरं. पण पैशाच्या दाव्याची मुदत 3 वर्षं. ती संपत आली की काहीजण दावा टाकून ठेवतात. कारण एकदा हुकूमनामा (पैसे द्यायचा कोर्टाचा आदेश) झाला की वसुलीला 12 वर्षं मिळतात. आज तू रिकामा, उद्या वडिलांची जमीन नावावर आली तर?

तुझी चामड्याच्या कामाची रापी, आरी, शिलाईचं सामान, घरातली भांडीकुंडी, बायकोचं मंगळसूत्र यावर जप्ती येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 वाच. पगारातले पहिले 1000 आणि उरलेल्याचे दोन तृतीयांशही सुटतात. निव्वळ गरिबीपायी दिवाणी कैद (देणं थकलं म्हणून तुरुंग) होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं 1980 सालीच सांगितलंय.

चेक दिलायस का? मग गोष्ट वेगळी. चेक वटला नाही तर ती फौजदारी. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे भर.

मी एकदा समन्स टीव्हीमागं खोचून ठेवलं, एकतर्फी निकाल लागला. तू कोल्हापुरात कसबा बावड्याच्या कोर्टात तारखेला हजर राहा, हप्ते मागून घे. आणि वसुलीवाल्यानं पुढं केलेल्या कागदावर न वाचता सही करू नकोस. मुदत संपायच्या आत लेखी कबुली दिलीस की 3 वर्षं पुन्हा नव्यानं सुरू होतात.